पांढऱ्या खुर्चीवरचं नाव

१७ ऑक्टोबर, सकाळ

निर्णय झाला. आजपासून मी बेसबॉलचा फॅन. खेळ सोपा असावा. गावातल्या झाडून सगळ्यांना कळतो.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. या गावात येऊन दोन वर्षं होत आली. कोन्फेसोरा मावशीकडे राहतो. शिवणाच्या कारखान्यात शर्टांवर नावं आणि नंबर शिवतो. शाळा आठवीत सुटली, शुद्धलेखन सुटलं नाही. माझ्या हातून अजून एकाही खेळाडूचं नाव चुकीचं गेलेलं नाही. वागणूक चांगली, व्यसन नाही, नखं कापलेली. तरी संध्याकाळी अख्खी गल्ली नार्सीसोकाकांच्या दुकानापुढे टीव्हीसमोर बसलेली असते, आणि मी साबण घेऊन घरी येतो.

दुकानापुढे पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. नेहमीच्या माणसांची ज्याची त्याची खुर्ची, पाठीवर मार्करनं नाव. (अक्षर गचाळ. किरिकोच्या नावात चूक.) मालक आला नाही तर खुर्ची रिकामी राहते, दुसरा कोणी टेकतही नाही. गेल्या वर्षी एक म्हातारे वारले, तर नवव्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंत त्यांची खुर्ची जागेवर होती आणि रोज तिच्यापुढे एक बियर उघडून ठेवत. मी वारलो तर मावशी माझी खोली भाड्यानं देईल.

मावशी म्हणते, या गावात ज्याला बॉल कळत नाही तो एक तर पाद्री, नाही तर पोलिसांचा खबऱ्या, आणि तू काही पाद्री दिसत नाहीस.

माझी चूक नाही. मी डोंगरात आजोबांच्या चर्चच्या मंडळीत वाढलो. आजोबा प्रवचनात सांगायचे की चेंडू म्हणजे सैतानानं घातलेलं अंडं.

संकल्प: नाताळापर्यंत एक खुर्ची. पाठीवर ‘एलिएसेर’. शुद्ध.

१९ ऑक्टोबर

आमच्या टीमचं नाव खेकडे. लाल टोपी घेतली. आरशात पाहिलं. जन्मजात खेकडा दिसतो.

संध्याकाळी फ्रिजशेजारी उभा राहिलो. तिथून टीव्ही दिसतो आणि पाठीला गार लागतं. समोरच्या टीमच्या एका खेळाडूनं हवेत सूर मारून चेंडू झेलला. सुंदर झेल. मी टाळ्या वाजवल्या. मी एकट्यानंच. एकदम शांतता पसरली. खेळाडूवृत्ती लोकांच्या मनाला भिडते.

किरिको मोटरसायकलवरून सवाऱ्या नेतो आणि गल्लीत सगळ्यात मोठा आवाज त्याचा. त्यानं मागे वळून विचारलं, भाऊ, तू नक्की कोणाचा? मी सांगितलं, कोन्फेसोरा मावशीचा.

शेवटच्या इनिंगमध्ये हरलो. दुकानाच्या दारात पास्तेलितो, म्हणजे खिम्याच्या करंज्या, तळणाऱ्या चेआ आजीनं (पहिली रांग, मधली खुर्ची) मला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं. टोपी आवडली असावी.

२४ ऑक्टोबर

नियमांचं पुस्तक मिळवलं. पहिली काही पानं नाहीत, पण सुरुवात काय, कशीही असते.

सगळ्यात आवडलेला नियम: सॅक्रिफाइस. बॅटर जाणूनबुजून चेंडूला हळूच बॅट टेकवतो. स्वतः बाद होतो, पण आपला दुसरा गडी त्या गडबडीत एक बेस पुढे सरकतो. आणि बाद झालेला बाकावर परत येतो तेव्हा सगळे उठून त्याची पाठ थोपटतात! दोनदा वाचलं. आमच्या मंडळीत बाद म्हणजे बाद. पाठ थोपटायला कोणी उठत नसे.

२६ ऑक्टोबर

मॅच चालू असताना लोकांना नियम समजावून सांगितले. बऱ्याच जणांना पुस्तकातला नेमका शब्द माहीत नाही. नार्सीसोकाका म्हणाले, बाळा, बोलून बोलून घसा दुखला असेल, ही गोळी तोंडात धर. गोळी फुकट! थोड्या वेळानं आणखी एक. माझ्याकडे लक्ष आहे त्यांचं.

हरलो.

३ नोव्हेंबर

आज मोठं काम केलं. दुकानाच्या दारावर खेकड्यांचा झेंडा आहे. पूर्वी कधीतरी आपण चॅम्पियन झालो त्या संध्याकाळपासून तिथेच. त्यावर रम, धूर, तळणीचं तेल, कबुतरं. टीमचा एवढा मान आणि झेंड्याची ही दशा! आज मॅच नव्हती, दुपारी दुकान बंद होतं. झेंडा उतरवला, गरम पाण्यात सोडा घालून ब्रशनं घासला. संध्याकाळी वाळवून, इस्त्री करून जागेवर लावला.

रंग थोडा गेला. थोडा म्हणजे गुलाबी झाला. पण स्वच्छ गुलाबी.

लोकांना भरून आलं. नार्सीसोकाका तांदळाच्या पोत्यावर बसले ते बसलेच. चेआ आजीनं छातीवर क्रूस काढला. किरिकोच्या तोंडून बराच वेळ शब्द फुटेना, आणि किरिकोच्या तोंडून शब्द न फुटणं म्हणजे काय ते गल्लीला विचारा. मग तो म्हणाला, चॅम्पियन झालो तेव्हा खुद्द कॅचरनं या झेंड्याला तोंड पुसलं होतं. त्याचा घाम होता त्यावर. मी म्हटलं हो, एक डाग होता. तोच सगळ्यात आधी निघाला.

४ नोव्हेंबर

१४–०. पिचरचा दोष.

१२ नोव्हेंबर

आजोबांच्या वर्षाच्या प्रार्थनेसाठी डोंगरात जाऊन आलो. माझं नशीबच फुटकं. मी नव्हतो तेवढ्या सगळ्या मॅच आपण जिंकलो! गल्लीत फटाके वाजले म्हणे. एकही विजय मला बघायला मिळू नये?

दुकानात पाऊल ठेवलं तर चेआ आजीनं विचारलं, इतक्यात आलास? आजोबांना आणखी चार दिवस नाही का हवा होतास? मी सांगितलं, आजोबा वारलेत आजी, वर्षाचं होतं. ती म्हणाली, मग तर घाई अजिबातच नव्हती.

माझ्या आजोबांची एवढी काळजी या गावात कोणी केली नव्हती.

संध्याकाळी हरलो.

२० नोव्हेंबर

प्रगती. नार्सीसोकाकांनी माझ्यावर जबाबदारी टाकली आहे. मॅच सुरू झाली की गिऱ्हाइकांच्या घरी सामान पोहोचवायचं. बाकीचे सगळे टीव्हीला चिकटलेले, मग विश्वासाचं माणूस कोण? मी.

काल पुलापलीकडच्या विधवेकडे तांदूळ नेला. ती म्हणाली, मी मागवलाच नाही. परत येऊन सांगितलं, तर काका म्हणाले, आज ना उद्या लागेलच, परत जा. परत गेलो. येताना वाटेत फटाके ऐकू आले. जिंकलो! माझ्या टीमचे विजय मी असे रस्त्यात ऐकतो. सैनिकाला घरची पत्रं मिळतात तसे.

२७ नोव्हेंबर

मावशीच्या मागच्या खोलीत नवा भाडेकरू आला. विल्किन. राजधानीचा, फ्रिज दुरुस्त करतो. हसतो फार.

हा मुंगुसांचा फॅन! मुंगूस म्हणजे राजधानीची टीम, आमचे जन्माचे वैरी. पिवळी टोपी घालून हा माणूस थेट दुकानात गेला. मला वाटलं आता याची हाडं गोळा करावी लागणार. किरिको ओरडला, अरे कोंबड्या आत घ्या रे, मुंगूस आला! चेआ आजी म्हणाली, पिशवी तपासा मेल्याची, अंडी असतील. विल्किन म्हणाला, आजी, अंडी नकोत, खेकडा उकडलेला आहे का? बरोबर मीठ पण द्या, सवय आहे आम्हाला दर वर्षी खायची. आजीनं झारा फेकून मारला. मग कोणीतरी त्याच्या हातात बियर दिली आणि बसायला एक क्रेट उपडं केलं.

एवढा अपमान! मी असतो तर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नसतो. हा रोज जातो, रोज शिव्या खातो आणि रोज त्याच क्रेटवर बसतो. निर्लज्ज.

८ डिसेंबर

चेआ आजीनं माझी दृष्ट काढली.

मॅचच्या आधी मला दुकानामागे बोलावलं, सतापेची ओली जुडी डोक्यापासून पायापर्यंत झोडली, मिठाचं पाणी शिंपडलं आणि अंगावरून अंडं उतरवून रस्त्यावर फोडलं. म्हणाली, नजरेचं काम आहे. मी विचारलं, मला नजर लागली का? किरिको म्हणाला, तुला नाही रे राजा, तुझी. सगळे हसले. मीही हसलो. विनोद नीट कळला नाही.

असं विधिवत सामावून घेणं या भागात असतं, हे ऐकून होतो. मीठ डोळ्यांत गेल्यामुळे मॅच नीट दिसली नाही. मॅच हरलो, पण अगदी थोडक्यात. आजी म्हणाली, अर्धा उतार पडलाय, पुढच्या वेळी दोन अंडी.

१५ डिसेंबर

पुलापलीकडच्या विधवेनं तांदूळ परत पाठवायला सुरुवात केली आहे. आता नेताना तांदूळ नेतो, आणताना तांदूळ आणतो. काकांना सांगितलं. काका म्हणाले, धंद्यात देवाणघेवाण चालायचीच.

आपण राऊंड रॉबिनमध्ये! शेवटच्या चार टीम. मी नसतो तर हा धंदा कोणी सांभाळला असता?

२४ डिसेंबर

मिळाली!!

नाताळच्या आधीच! दुपारी काकांनी हाक मारली. नवी कोरी पांढरी खुर्ची, अजून प्लास्टिकचा वास. पाठीवर माझं नाव. मधलं एक अक्षर गाळलंय, पण भावना शुद्ध. (घरून मार्कर आणून दुरुस्त केलं. पक्की शाई वापरली, गिरवून गिरवून.)

जागाही खास. पुढे फार गर्दी, म्हणून मला दुकानाच्या बाजूच्या भिंतीला, कोपऱ्याच्या पलीकडे दिली. हवेशीर. टीव्ही तिथून दिसत नाही, पण आवाज स्वच्छ येतो. काकांनी स्वतः खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. म्हणाले, इथे बस बाळा, इथून हलू नकोस, तुला पाहिजे ते हातात आणून देऊ.

आणून दिलं. डुकराचं भाजलेलं मांस, वर कुरकुरीत कातडी, शेजारी वाटाण्याचा भात. किरिकोनं स्वतः आणलं. मी कोपऱ्यावरून डोकावून थँक्यू म्हणणार होतो, तर त्यानं माझं डोकं हळूच धरून परत भिंतीकडे वळवलं. म्हणाला, खा खा. गार होईल.

विल्किन अजून क्रेटवरच आहे. वाईट वाटलं.

३० डिसेंबर

भिंतीकडे बघून मॅच समजते आता. ओरडा एकदम उठला तर होमरन. ओरडा उठून मध्येच पडला तर झेल. चेआ आजीची शिवी म्हणजे अंपायर. सरळ टीव्ही बघणाऱ्यांना इतकं बारीक ऐकू येत नसणार. भिंतीवर एक पाल आहे. ती आमचीच आहे, लाल नसली तरी.

जिंकतोय. ओळीनं जिंकतोय.

९ जानेवारी

आज लिहिणार नव्हतो.

शेवटची इनिंग. दोन बाद, एक स्ट्राइक हवा होता, मग फायनल. ओरडा असा की भिंत हलत होती. मी खेकडा आहे. माझीही टीम आहे. म्हटलं एकदाच. कोपऱ्यावरून फक्त एक डोळा बाहेर काढला.

पिचरनं चेंडू टाकला, कॅचरच्या हातातून निसटला, मागे भिंतीपर्यंत गेला. त्यांचे दोन गडी धावत घरी, म्हणजे होम बेसवर. ओरडा बंद. मग किरिकोनं मान वळवली आणि त्याला माझा डोळा दिसला.

तो म्हणाला, याला हलवा इथून! कोणी सोडला याला! कोणाचं लक्ष होतं? जसं काही बैल सुटला. चेआ आजीनं दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. मी म्हणालो, मी नुसतं पाहिलं. नार्सीसोकाका पुढे आले, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, बाळा, तेच तर. तू पाहू नकोस. तू पनवती आहेस.

पनवती. सगळ्यांसमोर. विल्किनसमोर.

मी विचारलं, मग खुर्ची? काका म्हणाले, अरे, त्यासाठीच दिली ना.

घरी आलो. मावशीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, अख्ख्या गावाला माहीत होतं, पुलापलीकडच्या विधवेला पण. डोळ्यांत साबण गेला, फार चुरचुरतंय.

१० जानेवारी

कामावर गेलो नाही.

११ जानेवारी, पहाटेनंतर

शांतपणे विचार केला. या गावात एवढे फॅन. किरिको घसा फुटेपर्यंत ओरडतो, काय फरक पडतो? चेंडू जायचा तिथेच जातो. आणि मी नुसता एक डोळा बाहेर काढला तर कॅचरचा हात लुळा पडतो. टीव्हीतून! मैदान किती लांब आहे!

अशी ताकद कोणाकडे आहे? यांना भीती वाटते. भीतीच्या आत आदर असतोच.

खुर्चीवर जाऊन बसलो. भिंतीकडे तोंड करून, आपणहून.

१८ जानेवारी

उरलेल्या मॅच जिंकून फायनलमध्ये पोहोचलो. समोर मुंगूस.

विल्किननं पैज लावली. मुंगूस जिंकले तर त्याला क्रेट नको, पाठीवर नाव लिहिलेली पहिल्या रांगेतली खुर्ची हवी. खेकडे जिंकले तर तो वर्षभर दुकानाचा फ्रिज फुकट दुरुस्त करणार, लाल टोपी घालून. किरिकोनं सगळ्यांच्या वतीनं हातावर हात मारला. बिचारा विल्किन. लाल रंग त्याला शोभणार नाही.

२४ जानेवारी

फायनल तीन–तीन. सातवी मॅच राजधानीत, मुंगुसांच्या मैदानावर. मी भिंतीकडे बसलो होतो. किरिको स्वतः कोपरा वळून आला, माझ्यासमोर उकिडवा बसला. डोळ्यांत डोळे घालून. किती दिवसांनी कोणी बघत होतं.

त्याची योजना अशी: मी राजधानीला जायचं. त्यांच्या मैदानात, त्यांच्या लोकांत बसायचं, पिवळी टोपी घालून. आणि मुंगुसांना पाठिंबा द्यायचा. मी म्हटलं, नाटक करायचं? तो म्हणाला, नाटक करून काय उपयोग? आमच्या उरावर तू काय नाटक करून बसला होतास? तू मनापासून आमचा होतास, म्हणून तर आमची माती झाली. तसंच तिकडे मनापासून. पोटातून.

मी विचारलं, आणि मग?

नार्सीसोकाका मागे उभे होते. म्हणाले, मग तुझी खुर्ची पहिल्या रांगेत. चेआच्या शेजारी. टीव्हीसमोर. आजीनं आतून ओरडून सांगितलं, शेजारी नको, पण रांग तीच चालेल.

सॅक्रिफाइस! पुस्तकातलाच नियम. स्वतः बाद व्हायचं, आपला गडी पुढे सरकवायचा. आणि परत आलो की सगळे उठून पाठ थोपटणार.

२६ जानेवारी

सराव. मुंगुसांवर मनापासून प्रेम करायला दोनच दिवस मिळाले. सकाळी उठल्याबरोबर खेळाडूंची नावं (एकही चूक नाही), जेवणाआधी त्यांच्यासाठी प्रार्थना. गाणं विल्किननं शिकवलं. त्याला योजना माहीत आहे. तो म्हणाला, खुशाल जा, आमची टीम कोणाच्या नजरेनं पडत नाही. तिथे गेलास की तळलेली केळी खा, मस्त मिळतात. आपली जुनी पिवळी टोपी दिली. भोळा आहे. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय.

अडचण: प्रेम होत नाहीये. प्रयत्न चालू.

२७ जानेवारी, सकाळ, बसमध्ये

गल्ली बस स्टँडवर आली होती! ढोलासकट. माझ्यासाठी! नार्सीसोकाकांनी तिकीट काढलं, किरिकोनं पिशवी उचलली. चेआ आजीनं पास्तेलितो बांधून दिले आणि माझा मुका घेतला. म्हणाली, जा माझ्या राजा, उकिरडा कर त्यांचा. ड्रायव्हरनं विचारलं, कोण मोठा माणूस आहे काय? किरिको म्हणाला, बॉम्ब आहे. हळू चालव.

बस हलली तरी ते हात हलवत होते. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस. सही करून ठेवतो: एलिएसेर.

२८ जानेवारी, सकाळ, राजधानीचा बस स्टँड

क्रमानं लिहितो.

माझ्या शेजारी एक म्हातारा होता. राफेलीतो नाव. बायको वारल्यापासून तिच्या जागेचं तिकीटही काढतो, पण काल विकलं आणि ते मला मिळालं. त्यानं विचारलं, बेटा, पहिल्यांदाच? मी हो म्हणालो. वाटलं आता उठवेल. तो म्हणाला, भाग्यवान आहेस, मला पहिली वेळ पुन्हा मिळती तर काय हवं होतं. शेंगदाणे दिले. सँडविचचं मोठं अर्धं माझ्याकडे सरकवलं. मला कळलं नाही ते सांगितलं, मी चुकीच्या वेळी टाळ्या वाजवल्या तर त्यानंही माझ्याबरोबर वाजवल्या.

टीव्हीवर गवत एवढं हिरवं दिसत नाही. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज आधी पोटात ऐकू येतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भिंतीतून ते येत नाही.

पाचव्या इनिंगला जाणवलं की मी प्रयत्न करत नाहीये. नुसता बघतोय. आठव्यात उभा होतो, कधी उभा राहिलो माहीत नाही. शेवटी मुंगुसांच्या एका पोरसवद्या बॅटरनं चेंडूला हळूच बॅट टेकवली आणि स्वतः बाद झाला, तिसऱ्या बेसवरचा गडी धूळ उडवत घरी आला, आणि मैदान फुटलं. मी ओरडत होतो. म्हाताऱ्यानं मला मिठी मारली, मी त्याला. दोघंही रडत होतो. समोर कॅमेरा होता, बहुतेक.

मुंगूस चॅम्पियन.

माझं काम अर्धं चोख झालं. मनापासून झालं. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं कळत नाही.

निघताना म्हातारा म्हणाला, पुढच्या वर्षी तू हे तिकीट घे, जागा तुझ्यासाठी धरून ठेवतो. मी आभार मानले आणि नको म्हणालो. त्याला काय माहीत, माझी जागा ठरलेली आहे.

पिवळी टोपी इथेच बाकड्यावर ठेवून जातोय.

२८ जानेवारी, संध्याकाळ

स्टँडवर कोणी नव्हतं. चालत आलो.

वाटेत तयारी केली. मार खायची, समजावून सांगायची, वेळ पडली तर गुडघे टेकायची. गल्लीनं मला टीव्हीवर पाहिलं होतं, पिवळी टोपी, मिठी, अश्रू, सगळं. मावशी म्हणाली, दोनदा दाखवलं.

दुकानात गेलो. कोणी उठलं नाही. मारायलाही नाही. किरिकोनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोमिनोच्या सोंगट्यांकडे पाहिलं. मी म्हणालो, मी खरंच मनापासून केलं, शपथ घेतो. चेआ आजी तळता तळता म्हणाली, दिसलं की. जीव ओतलास. तरी त्यांचं नखसुद्धा वाकलं नाही. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, आपणच गाढव. अख्खा हंगाम याला सांभाळला, अंडी फोडली. याच्यात काही नाही. पहिल्यापासून नव्हतं. रिकामं पोतं आहे.

मी म्हटलं, मग १४–०? कॅचरचा हात? किरिको म्हणाला, कॅचरचा हात वाईटच आहे रे. झेंडा तेवढा तू घालवलास. पनवतीला पण अंगात काहीतरी लागतं.

थोडं तरी रागवायला हवं होतं त्यांनी.

३० जानेवारी

पहिल्या रांगेचं विचारणार होतो. आता कोपऱ्यापलीकडे बसायची गरज नाही, कारण माझ्या बघण्यानं काही होत नाही असं खुद्द आजीच म्हणाली. म्हणजे तर्कानं अडचण उरली नाही. उद्या शांतपणे मुद्दा मांडतो.

३१ जानेवारी

दुकानात गेलो तेव्हा काका म्हणाले, बरं झालं आलास, तुझीच वाट बघत होतो. मन भरून आलं.

विल्किनची पैज. शब्द म्हणजे शब्द, त्याला पहिल्या रांगेत खुर्ची द्यायची. नवी खुर्ची दुकानात शिल्लक नाही. किरिको म्हणाला, भिंतीशी एक आहे की, नुसती पडून असते. त्यानंच ती उचलून पुढे आणली, चेआ आजीच्या शेजारी ठेवली. आजीनं आपली खुर्ची थोडी सरकवून जागा केली. म्हणाली, बस मेल्या चोरा, पण वास येतो तुझ्या टीमचा. विल्किन म्हणाला, आजी, तो विजयाचा वास, तुला कुठून ओळखू येणार. सगळे हसले. मग विल्किनला माझी आठवण आली. तो म्हणाला, अरे पण ही तर याची ना? क्षणभर सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, छे छे. बस ना.

काका म्हणाले, पाठीवरचं नाव तेवढं बदल बाबा, तुझं अक्षर चांगलं आहे.

घरून मावशीचं नेलपॉलिश काढायचं औषध आणलं. जुनं नाव निघायला फार वेळ लागला. पक्क्या शाईनं गिरवलं होतं. मग नवं लिहिलं: विल्किन. आखून, सरळ रेषेत, एकही चूक नाही. सगळ्यांनी पाहिलं. किरिकोसुद्धा म्हणाला, वा, छापल्यासारखं.

मग साबण घेऊन घरी आलो.